परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचंय, पण कुठे?

ताई,
माझं वय २२. पदवी मिळाली आहे आणि पुढचं शिक्षण वर्षभराने सुरू केलं तरी चालणार आहे. मधल्या काळात परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचा विचार आहे. दोन ठिकाणांहून होकार आलाय. पहिलं ठिकाण आग्नेय आशियातलं एक बालगृह. दोन आठवडे मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं, शेवटी सहल. हे एका कंपनीमार्फत आहे, पैसे आपण भरायचे. नोंदणीची रक्कम मी भरलीही आहे. दुसरं ठिकाण ब्रिटनमधली एक निवासी वस्ती. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसांबरोबर वर्षभर राहायचं आणि त्यांच्या रोजच्या कामांत मदत करायची. राहणं, जेवण आणि थोडा हातखर्च संस्था देते, विमानाचं तिकीट माझं.
खरं सांगायचं तर मला जायचंय ते स्वतःसाठी. मी अबोल आहे, घर सोडून कधी राहिलेले नाही, साधा निर्णय घेतानाही घाबरते. हे बदलायला हवं. पण बाबा म्हणाले, "तुला मोठं व्हायचंय म्हणून दुसऱ्यांच्या दारात कशाला? त्यांना तुझी गरज आहे का?" तेव्हापासून माझी इच्छाच मला स्वार्थी वाटायला लागली आहे. वर्षभर एकटीने राहण्याची भीती वाटते, म्हणून दोन आठवड्यांचंच बरं असंही मनात येतं. महिनाअखेरीपर्यंत दोन्हीकडे कळवायचंय. काय करू?
– नाव छापू नये ही विनंती

तुझं पत्र मिळालं. स्वतःसाठी जायचंय हे तू सरळ लिहिलंस याचा आनंद झाला, कारण बहुतेक जण ते लपवतात आणि मग सल्ला देणाऱ्यालाही नीट काही सांगता येत नाही.

बाबांचा प्रश्न टोमणा समजून मनाला लावून घेऊ नकोस. तो चांगला प्रश्न आहे आणि तुझ्या दोन पर्यायांमध्ये निवड करायला तोच सगळ्यात उपयोगी पडेल. त्यांनी एका दमात दोन गोष्टी विचारल्या आहेत, त्या आपण सुट्या करू.

पहिली, स्वतः मोठं होण्यासाठी असं काम पत्करावं का? माझ्या मते जरूर पत्करावं. शिकाऊ डॉक्टर, शिकाऊ शिक्षक, शिकाऊ परिचारिका, सगळे दुसऱ्यांच्या आयुष्यात वावरूनच तयार होतात. त्यांना आपण स्वार्थी म्हणत नाही. मात्र त्यांच्या डोक्यावर कोणीतरी जाणतं माणूस असतं, आणि त्यांच्या शिकण्यापायी दुसऱ्या कोणाचं नुकसान होऊ नये याची काळजी घेतलेली असते. तुझ्या पहिल्या पर्यायात यातलं काहीही दिसत नाही. तिथे तुझ्या शिकण्याची किंमत लहान मुलं मोजणार आहेत. म्हणून आडपडदा न ठेवता सांगते: बालगृहात जाऊ नकोस.

तू काही वाईट करायला निघाली होतीस असं मला म्हणायचं नाही. पण या व्यवहाराची दुसरी बाजू तुला कोणी दाखवलेली नसावी. कंबोडियातली अनाथालयं २००५ ते २०१० या पाच वर्षांत ७५ टक्क्यांनी वाढली. तिथे राहणाऱ्या जवळपास चारांतल्या तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. ही युनिसेफची आकडेवारी आहे. मुलांना जेवण मिळेल, शाळा मिळेल या आशेने गरीब आईबाप त्यांना संस्थेत ठेवत होते, आणि संस्थांना पाहुण्यांकडून, स्वयंसेवकांकडून पैसा मिळत होता. मुलं आहेत म्हणून पाहुणे येतात आणि पाहुणे येतात म्हणून मुलं आणली जातात, असं ते चक्र. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी चर्चेत आली. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्याची दखल घेतली.

आकडे बाजूला ठेवून एक दृश्य डोळ्यांपुढे आण. नवा माणूस दारात दिसला की चार-पाच वर्षांचं एक मूल धावत येतं आणि सरळ त्याच्या मांडीवर बसतं. स्वयंसेवक हरखून जातो, किती माया आहे म्हणतो, फोटो काढतो. पण ज्या मुलाला आपलं हक्काचं माणूस आहे ते अनोळखी माणसापाशी आधी थबकतं, आईमागे लपतं, मग हळूहळू पुढे येतं. कोणाच्याही मांडीवर जाऊन बसणं ही संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये पुन्हापुन्हा आढळलेली गोष्ट आहे, आणि ते बरं लक्षण नाही. दोन आठवड्यांनी तू निघशील. तुझ्या जागी दुसरं कोणी येईल, तेही निघेल. त्या मुलाच्या वाट्याला दर वेळी एक निरोप येईल.

एवढ्याने पटलं नसेल तर एक साधी गोष्ट तपास. त्या कंपनीने तुझ्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला का? दोन संदर्भपत्रं, एखादी मुलाखत? माझा अंदाज आहे की मागितलं नसेल, पैसे भरले आणि काम झालं. आता त्या वस्तीचा अर्ज काढून बघ. जिथे दुबळ्या माणसांची खरी काळजी असते, तिथे आत येणाऱ्याला चाळून घेतात.

आता दुसरी गोष्ट. त्यांना तुझी गरज आहे का? ही शंका तुझ्या बाबांच्याही आधी अनेकांनी बोलून दाखवली आहे. १९६८ साली मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे इव्हान इलिच या विचारवंतांनी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं होतं की मेक्सिको पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. इथली भाषा तुम्हाला येत नाही, इथलं जगणं तुम्हाला माहीत नाही, मग मदत कसली, हा त्यांचा मुद्दा. मला तो अर्धा पटतो. गरज काय आहे हे परक्याने ठरवू नये, इथपर्यंत पूर्ण पटतो. पण यजमानांनीच काम ठरवलं असेल, हात कमी पडत असतील आणि शिकवायला माणूस असेल, तर परका माणूसही कामाला येतो.

या कामाचा इतिहासही हेच सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर पिएर सेरेसोल या स्विस माणसाने १९२० साली व्हर्दांजवळच्या एन या उद्ध्वस्त फ्रेंच गावात काही देशांचे स्वयंसेवक जमवून बांधकाम सुरू केलं. त्यांत जर्मनही होते. कालपर्यंतच्या शत्रूने येऊन घर बांधून द्यावं, ही कल्पना फार मोठी होती. पण गावकऱ्यांच्या जखमा ताज्या होत्या, जर्मनांना विरोध वाढला आणि काही महिन्यांत काम सोडावं लागलं. त्यातून उभी राहिलेली 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' आजही कार्यशिबिरं भरवते. हेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आले आणि पुनर्वसनाच्या कामात स्थानिक माणसांबरोबर राबले. ब्रिटनच्या 'व्हीएसओ' या स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेने १९५८ मध्ये नुकतीच शाळा संपवलेली मुलं बाहेर पाठवायला सुरुवात केली. पुढे ती संस्था हातात कौशल्य असलेल्या, अनुभवी माणसांकडे वळली. नुसता उत्साह पुरत नाही हे या क्षेत्राला कळायला वेळ लागला, पण कळलं.

तुझ्यापाशी कौशल्य नाही असं तू म्हणशील. वस्तीतल्या कामाला ते लागत नाही, तिथे शिकवतात. लागतो तो वेळ, आणि तो तू वर्षभराचा देते आहेस. अशा जागा जुन्या आहेत. १९४० साली कार्ल क्योनिग यांनी स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनजवळ सुरू केलेली 'कॅम्पहिल' चळवळ हे त्यातलं ठळक उदाहरण. तिथे अपंगत्व असलेली माणसं आणि देशोदेशींचे तरुण एकाच घरात राहतात, एकत्र जेवतात, एकत्र काम करतात.

अशाच एका घरात मी तरुणपणी राहिले आहे, म्हणून तिथे तुझ्यात काय बदलेल हे थोडं जवळून सांगू शकते. सकाळी साडेसातला एका मध्यमवयीन गृहस्थांना तयार व्हायला मदत करणं हे माझं काम होतं. शर्टाची बटणं ते स्वतः लावत. वरचं बटण खालच्या काजात जाई, मग सगळी काढून पुन्हा सुरुवात. माझे हात शिवशिवायचे. खाली न्याहारीला उशीर होतोय, मी पुढे झाले असते तर अर्ध्या मिनिटात काम आटपलं असतं. घर सांभाळणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हात पाठीमागे ठेव आणि त्यांनी विचारलं तरच पुढे कर. मी तशी उभी राहायला लागले. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ते गृहस्थ खालून वर बटणं लावतात तेव्हा चुकत नाहीत. मी तेवढंच सुचवलं, "खालून?" त्यांनी खालून लावली. बाकी मी काहीही केलं नाही.

तू ज्याला वाढ म्हणतेस ती मला अशा ठिकाणी दिसते. आपली घाई आवरता येणं, समोरच्याकडे नीट बघता येणं, आणि मदत कुठे थांबवायची हे कळणं. यातलं काही दोन आठवड्यांत होत नाही. पहिले दोन आठवडे तर कोणती किल्ली कोणत्या दाराची आणि कोणाला कोणतं औषध कधी, हे समजण्यातच जातात.

अभ्यासकांनाही काहीसं असंच आढळलं आहे. जर्मनीत हजाराहून जास्त विद्यापीठीय विद्यार्थ्यांची पाहणी करून झिमरमन आणि नायर यांनी २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. परदेशी राहून आलेली मुलं नव्याला जास्त मोकळी झाली, माणसांशी जास्त जुळवून घेऊ लागली, मनाने जास्त स्थिर झाली. आणि या बदलामागे मोठा वाटा तिथे जोडलेल्या नव्या माणसांचा होता. २०१८ मध्ये हायो ॲडम आणि सहकाऱ्यांनी सहा अभ्यास एकत्र मांडले. परदेशात राहिल्याने आपण कोण आहोत हे माणसाला अधिक स्पष्ट होतं, असं त्यांना दिसलं. पण ते किती देश पाहिले यावर नव्हे, किती काळ राहिलो यावर ठरत होतं. कारणही त्यांनी दिलं आहे. परक्या समाजात राहताना माणूस सतत स्वतःला विचारतो की ही सवय, हे मत खरंच माझं आहे की मी जिथे वाढले तिथलं? घरी हा प्रश्न पडतच नाही, कारण आजूबाजूचे सगळे तसेच असतात.

एक अपेक्षा मात्र कमी करून जा. तुझा अबोलपणा तिथे जाईल असं मी म्हणणार नाही. तो गेलाच पाहिजे असंही मला वाटत नाही. ज्यांना बोलता येत नाही किंवा एक वाक्य जुळवायला फार वेळ लागतो, अशा माणसांच्या सोबतीला शांत बसू शकणारी मुलगी मोलाची असते. तुझ्यातला जो गुण तू दोष म्हणून लिहिलास, तो त्या घरात कामाचा आहे.

आता भीतीबद्दल. ती खरी आहे. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकातच परक्या संस्कृतीत बसणाऱ्या या धक्क्याचं वर्णन केलं. सुरुवातीला सगळं छान वाटतं, मग सगळ्याचा राग यायला लागतो, मग माणूस हळूहळू रुळतो. नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास केला. सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले लोक बऱ्यापैकी जुळले होते, मधल्या काळात परतलेले कमी. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. पण तुझं वर्ष नेमकं त्या मधल्या टप्प्यात येतं, म्हणून सांगून ठेवते. नवलाई ओसरली की एक काळ येईल, जेव्हा तुला वाटेल आपण इथे का आलो. त्या काळात परतीचं तिकीट बघायचं नाही, असं आत्ताच ठरव. आठवड्यातून एक दिवस आपल्या भाषेत पोटभर बोल. रोज नको. रोज घरी बोलत राहिलीस तर शरीराने तिथे आणि मनाने इथे राहशील.

भाषेचंही तसंच. तुझं इंग्रजी चांगलं असेल, तरी जेवणाच्या टेबलावर चार जण भरभर बोलायला लागले की तू मागे पडशील. घरी तू जी चटकन उत्तरं देत असशील, ती तिथे सुचेपर्यंत विषय पुढे गेलेला असेल. लोकांना तू आहेस त्यापेक्षा कमी हुशार वाटशील आणि ते तुला टोचेल. माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने हे सोसलंय. पण बोलण्याच्या जोरावर छाप पाडता येत नाही, तेव्हा माणूस कामाने आणि वागण्याने ओळखला जातो. निर्णय घेताना घाबरणाऱ्या मुलीसाठी हा अनुभव फार कामाचा आहे. तिथे रोज छोटे निर्णय घ्यावेच लागतात: आज यांना बाहेर न्यायचं की नाही, आत्ता कोणाला बोलवायचं, कधी नाही म्हणायचं. चुकलं तर विचारायला माणूस असतं, म्हणून सराव होतो.

आणि परत आल्यावरही थोडं जड जाईल. गलाहॉर्न या अभ्यासक दांपत्याने १९६३ मध्ये दाखवलं की मायदेशी परतल्यावर रुळण्याची तीच फेरी पुन्हा होते. तुझ्या गोष्टी ऐकायला घरचे दोन दिवस उत्सुक असतील, नंतर नसतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत "मी सेवा केली" असं मोघम सांगू नकोस, काय केलंस ते सांग: औषधांची नोंद ठेवली, कामाची पाळी बदलताना पुढच्याला माहिती दिली, संतापलेल्या माणसाला कसं शांत केलं. एक वही ठेव आणि हे त्या त्या दिवशी लिहून काढ.

व्हिसाकडे नीट लक्ष दे. पगार नाही म्हणजे ते काम नाही, असं बहुतेक देश मानत नाहीत. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेल्यास नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. वर्षभरासाठी 'चॅरिटी वर्कर' व्हिसा लागतो. तो १२ महिन्यांपर्यंतचा असतो आणि त्यासाठी संस्थेने प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. "टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं बघू" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांब. काही कारणाने व्हिसा नाही मिळाला तर वर्ष वाया गेलं असं समजू नकोस. संयुक्त राष्ट्रांच्या बॉनमध्ये मुख्यालय असलेल्या स्वयंसेवक कार्यक्रमात १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळ्या जागा निघतात, निर्वाह भत्ता मिळतो, आणि घरी बसून करायची ऑनलाइन कामंही असतात.

होकार कळवण्याआधी वस्तीला ईमेल करून विचार: माझ्यावर देखरेख कोणाची असेल? पहिल्या महिन्यात कोणतं प्रशिक्षण देता, माणसाला उचलायचं कसं, झटका आला तर काय करायचं, हे त्यात आहे का? आठवड्याला तास किती, सुट्टी किती, स्वतंत्र खोली आहे का? आजारी पडले तर खर्च कोणाचा? जमलं नाही तर मध्येच परतता येतं का? शेवटी गेल्या वर्षीच्या एखाद्या स्वयंसेवकाशी बोलायला मिळेल का, हेही विचार. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. त्या व्यक्तीशी बोलताना "कसं होतं" असं विचारू नकोस, "सगळ्यात वाईट आठवडा कोणता गेला आणि तेव्हा तुझ्याजवळ कोण आलं" असं विचार. उत्तरं आली की ती बाबांसमोर ठेव. त्यांना तुझी गरज आहे का, याचं उत्तर त्या कागदांत त्यांना माझ्यापेक्षा चांगलं मिळेल. या प्रश्नांना गोलमोल उत्तरं आली, तर तिथेही जाऊ नकोस. तशा कामाच्या दुसऱ्या संस्था आहेत आणि तुझ्या हातात वेळ आहे.

महिनाअखेर जवळ आहे, तेव्हा ही ईमेल उद्याच पाठव. कंपनीला नकार कळवताना कारणही लिही की मुलांसोबत थोड्या दिवसांचे स्वयंसेवक ठेवणं मला मान्य नाही. असं लिहून येणारी पत्रं वाढली तरच ते हे बंद करतील. नोंदणीची रक्कम किती दिवसांच्या आत परत मागता येते ते त्यांच्या अटींमध्ये दिलेलं असेल. नकार पाठवण्यापूर्वी ते वाचून घे.